पॅच निघाला, पण लावला कोणी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणं, थांबवला आणि कोणती ऑपरेटिंग सिस्टीम सुरक्षित हा जुना वाद पुन्हा सुरू झाला. मी ज्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, तिथे त्या वादात दोन बैठका गेल्या. संगणक कक्षातले २२ संगणक जुने आहेत. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१८ पासूनचा प्रोसेसर लागतो. एक पालक म्हणाले, लिनक्स टाका, व्हायरसची कटकटच संपेल. दुसऱ्यांनी विचारलं, फुकटात मिळणाऱ्या वस्तूवर मुलांचे निकाल आणि फीचा हिशेब ठेवायचा का? मुंबईहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मॅकचं नाव काढलं, ‘त्याला काही लागत नाही.’ तिघेही कळकळीने बोलत होते. तिघांच्याही मनात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कुलपाचा एक ब्रँड होता: चांगल्या कंपनीचं कुलूप आणलं की घर सुरक्षित.

मला हे सगळं गृहीतकच चुकीचं वाटतं. एखादं यंत्र सुरक्षित आहे की नाही, हे त्यावर कोणाचं नाव आहे यावरून फारसं कळत नाही. सॉफ्टवेअरमधली फट सापडल्यापासून ती बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, तुमच्या टेबलावरच्या संगणकात लागेपर्यंत किती दिवस जातात, ते काम नेमकं कोणाच्या अंगावर आहे, आणि एक संगणक पडला तर त्याच्याबरोबर किती पडतात, यावरून ते जास्त कळतं. सगळ्या सिस्टीम सारख्याच, असंही मला म्हणायचं नाही. त्यांच्यात खरे फरक आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण वाद घालणारे सहसा ज्या फरकांवर भांडतात ते हे फरक नव्हेत.

विंडोजची बदनामी खोटी नाही, हे आधी कबूल करतो. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेलं प्रेमपत्राच्या नावाचं ईमेल काही तासांत जगभर पसरलं. २००१ मध्ये कोड रेड आणि निमडा हे वर्म, म्हणजे आपोआप पसरणारे प्रोग्राम, आले, ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर. त्या काळात घरच्या विंडोजवर बसणारा जवळपास प्रत्येक जण ॲडमिन म्हणूनच काम करत असे, म्हणजे त्याने उघडलेल्या कोणत्याही फाइलला सगळ्या यंत्रावर हुकूम चालवता येई. न मागितलेल्या सेवा आपोआप चालू असत आणि नेटवर्कवरून येणाऱ्या आगंतुकांना अडवणारी फायरवॉल असून बंद असे. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीतल्या सगळ्यांना पत्र लिहून, नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी, असं बजावलं, तेव्हा विंडोजवरचं नवं काम काही आठवडे थांबवून अभियंत्यांना प्रशिक्षणाला बसवावं लागलं होतं. त्याचं फळ ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये दिसलं. फायरवॉल तिथून आपोआप चालू झाली. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नाव तेच राहिलं आणि सुरक्षितता बदलली. जे नाव २००१ मध्ये हसण्यावारी नेलं जाई, त्याच नावाखालची आजची सिस्टीम पूर्णपणे वेगळी आहे. मग नावाला गुण चिकटवून काय मिळतं?

उलट बाजूनेही हेच दिसतं. इंटरनेटला पहिला मोठा हादरा देणारा मॉरिसचा वर्म २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटला तो युनिक्सवर, आणि त्याच युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीम, म्हणजे लिनक्स आणि मॅक, आज ‘मुळातच सुरक्षित’ म्हणून सांगितल्या जातात. ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेलमधली चाचणीसाठी उघडी राहिलेली वाट, फिंगर या सेवेतली एक चूक आणि लोकांचे सोपे पासवर्ड, एवढ्यावर त्याचं काम भागलं. मॅकचं सांगायचं तर एप्रिल २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रामने सहा लाखांच्या आसपास मॅक पकडले. जावा या सॉफ्टवेअरमधल्या ज्या फटीतून तो शिरला, तिचा पॅच जावाच्या मालक कंपनीने, ओरॅकलने, फेब्रुवारीतच काढला होता; पण मॅकसाठीचा जावा ॲपल स्वतः देत असे आणि तिचा पॅच एप्रिल उजाडेपर्यंत आला नाही. मधले सात आठवडे चोरांना पुरले. त्यानंतर काही महिन्यांत, मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत हे वाक्य ॲपलने आपल्या जाहिरातीतून काढून टाकलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर हाय सिएरा या आवृत्तीत सर्वाधिकारी खात्याचं ‘रूट’ हे नाव टाकून पासवर्डची जागा रिकामी सोडली तरी यंत्र उघडत होतं. ॲपलने दुसऱ्याच दिवशी ते बुजवलं. मला त्या चुकीपेक्षा हा एक दिवस महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये सात आठवडे, २०१७ मध्ये एक दिवस. कंपनी तीच.

आता लिनक्सच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. कोड उघडा आहे, हजारो डोळे तो पाहतात, त्यामुळे चूक लपून राहत नाही आणि कोणाला गुपचूप चोरवाट ठेवता येत नाही. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो, कारण बंद खोलीत काय चाललं आहे ते बाहेरच्याला कधीच पडताळता येत नाही. पण ‘पाहता येतं’ आणि ‘कोणीतरी पाहिलं’ यांत अंतर आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या स्वयंसेवकाने तपासणीच्या साधनाने दाखवलेला इशारा घालवण्यासाठी इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनातल्या एक-दोन ओळी बंद केल्या. त्यामुळे किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळपास संपली आणि एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या जास्तीत जास्त ३२,७६८ वेगळ्या किल्ल्या बनू लागल्या. कोड सगळ्यांसमोर उघडा होता, तरी हे मे २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. २०१४ मध्ये संगणकाला आज्ञा देण्यासाठीच्या बॅश या प्रोग्राममध्ये सापडलेली शेलशॉक नावाची चूक १९८९ पासून तिथे होती. पंचवीस वर्षं!

आणि मग एक्सझेडची गोष्ट. फाइली दाबून लहान करणारं हे छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि ते वर्षानुवर्षं एक माणूस, पगाराशिवाय, सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी आलं, दोन-अडीच वर्षं निमूटपणे चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, सहसंचालक झालं आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घालून दिली. तिच्यातून दूरच्या सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं. चोरवाटेचा मजकूर चाचणीच्या फाइलींत लपवलेला होता आणि तो जागा करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडात नव्हताच. वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातलेला होता. म्हणजे हजारो डोळ्यांनी पाहायचं ठरवलं असतं तरी त्यांनी बहुधा चुकीच्या जागी पाहिलं असतं. हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका डेटाबेस अभियंत्याने. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याला खटकलं, त्याने ते सोडून दिलं नाही, आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्यांना सावध केलं. तो मायक्रोसॉफ्टचा नोकर होता. लिनक्सप्रेमी या घटनेत उघडेपणाचा विजय पाहतात आणि ते बरोबर आहे, कारण कोड बंद असता तर त्याला मुळापर्यंत जाताच आलं नसतं. विरोधक म्हणतात की ही चोरवाट शिरलीच कशी, आणि तेही बरोबर आहे. मला तिसरंच दिसतं: जगाचे सर्व्हर ज्या साधनावर उभे होते, ते सांभाळणाऱ्याच्या दिमतीला एकही माणूस दिलेला नव्हता.

‘लिनक्स कमी लोक वापरतात म्हणून त्यावर हल्ले कमी, बाकी काही नाही,’ असं विंडोजवाले म्हणतात, तेही मला मान्य नाही. टेबलावरच्या संगणकांपुरतं त्यात तथ्य आहे, पण इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आहे, घराघरांतल्या राऊटरमध्ये आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये तोच आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या बड्या संकेतस्थळांची वाट अडवली. त्याला कर्नलमधली एकही फट लागली नाही. कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले. लिनक्स इथे दोषी नव्हतं आणि उपयोगीही पडलं नाही.

तुलना आकड्यांवर करू म्हणणाऱ्यांचीही मला काळजी वाटते. दरवर्षी कोणत्या सिस्टीममध्ये किती त्रुटी नोंदल्या गेल्या याच्या याद्या फिरतात आणि वरच्या क्रमांकाला ‘सर्वांत असुरक्षित’ म्हटलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या लोकांनी त्रुटींना क्रमांक देण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यायला सुरुवात केली. कर्नलच्या नोंदी एकदम हजारांत गेल्या. कर्नल त्या महिन्यात बिघडला का? उलट हिशेब जास्त मोकळेपणाने लिहिला जाऊ लागला. जो रुग्णालयात तपासून घेतो त्याच्याच नावावर आजार लागतात; न तपासणाऱ्याला निरोगी म्हणायचं का? सरकारी शिक्क्यांचीही तीच गत. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऑपरेटिंग सिस्टीमना सी-२, बी-२, ए-१ अशा श्रेणी द्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये विंडोज एनटी ३.५ ला सी-२ मिळाली, आणि तपासलेली रचना अशी होती की यंत्र नेटवर्कला जोडलेलंच नव्हतं. शिक्का खरा होता. ज्या कामासाठी लोक ते यंत्र विकत घेत, त्याबद्दल तो काही सांगत नव्हता.

वानाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. १२ मे २०१७ रोजी ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया थांबल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एक्सपीला शिव्या घातल्या, जुनी सिस्टीम वापरतात म्हणून. नंतर तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा आढळलं की लागण झालेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा आधार चालू असलेली. त्या फटीचा पॅच १४ मार्चला निघाला होता. मधे ५९ दिवस गेले. या ५९ दिवसांत मायक्रोसॉफ्टने करायचं ते केलेलं होतं. फट आधी कोणाला माहीत होती, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, आणि तिने ती हत्यार म्हणून जपून ठेवली होती, हा संतापजनक भाग आहेच. पण रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या संगणकापर्यंत पॅच का पोचला नाही, याचं उत्तर त्या अमेरिकी संस्थेकडेही नाही आणि मायक्रोसॉफ्टकडेही नाही. एमआरआय यंत्राच्या विक्रेत्याने अपडेट मंजूर केलेलं नसतं. रात्री यंत्र बंद ठेवायला कोणी परवानगी देत नाही. ज्याने करायचं त्याच्याकडे आधीच तीन माणसांचं काम असतं.

आपल्याकडे याहून वाईट आहे आणि ते आपण उघड बोलत नाही. तालुक्याच्या ठिकाणी संगणक जोडून देणारा माणूस क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतो आणि जाताना सांगतो, ‘साहेब, अपडेट बंद करून ठेवलंय, नाहीतर मशीन स्लो होतं.’ पतसंस्था, दवाखाने, शाळा, सीएच्या कचेऱ्या. मी स्वतः असे कितीतरी संगणक पाहिले आहेत, ज्यांवर शेवटचं अपडेट यंत्र विकत घेतलं त्या दिवसाचं आहे. आणि एका संस्थेत लिनक्सचा असा सर्व्हरही पाहिला आहे की जो बसवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्यानंतर चार वर्षं त्याला कोणी हात लावला नाही, का, तर ‘लिनक्स आहे, काही होत नाही’. या दोन यंत्रांत जास्त असुरक्षित कोणतं? मला दोन्ही सारखीच भीतिदायक वाटली. दुसरं थोडं अधिकच, कारण तिथे काळजी करायला कोणी उरलं नव्हतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो: मग सगळा दोष वापरणाऱ्यांच्या आळसावर ढकलायचा का? मुळीच नाही. कापसाचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी बियाणं आलं आणि काही वर्षं बोंडअळीचा प्रश्न मिटल्यासारखा झाला. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटी बी दिलं जाई. ते कडेने पेरायचं, म्हणजे अळीला आश्रय मिळतो आणि बियाण्याचा गुण तिच्या अंगवळणी पडत नाही. बहुतेकांनी ते पेरलं नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून मराठवाड्यापर्यंत गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. शेतकरी आळशी होता का? कडेच्या ओळींचं नुकसान त्या एकट्याचं होतं, फायदा मात्र सगळ्या शिवाराचा. दुकानदाराने नीट समजावलं नव्हतं, कंपनीचा नफा पाकीट विकलं की पुरा होत होता, आणि तपासणारं कोणी नव्हतं. अपडेटचंही असंच आहे. यंत्र अर्धा तास अडकतं ते माझं, आणि माझ्या यंत्रातून पसरणारा व्हायरस अडला याचा फायदा शेजाऱ्याला. त्यामुळे ज्याच्यावर खर्च पडतो त्याला उपदेश करून भागत नाही, रचना बदलावी लागते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये घरच्या वापरकर्त्यांसाठी अपडेट जवळपास सक्तीचं केलं तेव्हा लोक चिडले. मीही चिडलो होतो. आता मला तो निर्णय बरोबर वाटतो.

पण पॅच वेळेवर लावणं हेही पुरेसं नाही, आणि त्याचा धडा आपल्या दाराशी मिळाला होता. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो आत आला, म्हणजे निमूटपणे अपडेट घेणाऱ्यालाच तो आधी चावला. आत शिरल्यावर त्याने यंत्राच्या स्मृतीतून ॲडमिनचे पासवर्ड काढले आणि त्यांच्या जोरावर पूर्ण पॅच केलेल्या यंत्रांतही तो पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार जगभर ठप्प झाला आणि आपल्या न्हावाशेव्यात तिच्या गटाच्या टर्मिनलवरचं काम विस्कळीत झालं. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असं मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे सांगितलं. सगळ्या कंपनीची ओळखपत्रं ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत सापडली, ती घानात, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचा जीव वीज जाण्यावर टिकून राहावा, ही विंडोजची चूक म्हणायची की एकाच किल्लीने सगळी दारं उघडतील अशी व्यवस्था लावणाऱ्यांची?

शिवकाळात प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी नेमले जात. दरवाजे आणि किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. एकटा कोणी फितूर झाला तरी गड देऊ शकत नसे. तट किती उंच, याबरोबरच आतला अधिकार कसा वाटलेला, हा विचार त्यामागे होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले आणि रुग्णालय कागदावर आलं. सरकारने संसदेत कारण दिलं ते नेटवर्कचे भाग नीट वेगळे न केल्याचं. पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या विनंत्या तपासणाऱ्या स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला आणि तो २८ देशांतल्या एटीएमना ‘पैसे द्या’ म्हणत राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सरकारने बँकांच्या स्विचवरच्या अशाच चोऱ्यांबद्दल इशारा दिला. त्यात लिहिलं होतं की सापडलेले स्विचचे सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्सच्या, म्हणजे युनिक्सच्या, आधार संपलेल्या आवृत्त्यांवर होते. आणि तरीही चोरांनी एआयएक्समधली फट वापरल्याचा पुरावा नव्हता. ते आधीच आत होते आणि आत त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

आता ज्या फरकांचं मी मघाशी बोललो त्यांच्याकडे येतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मॅक आणि लिनक्स वाचले, कारण ती फाइल विंडोजसाठीच होती. पण मॅकच्या रचनेतही फरक आहे. ॲपलने काही वर्षांपूर्वीच बाहेरच्या सॉफ्टवेअरला कर्नलच्या आत बसू देणं कमी करत आणलं होतं, त्यासाठी विक्रेत्यांची नाराजीही घेतली होती. अशा एका चुकीने सगळं यंत्र कोसळण्याचा धोका त्याने कमी होतो. ‘लिनक्स असतं तर असं झालं नसतं’ म्हणणाऱ्यांना मात्र हे ठाऊक नव्हतं की काही आठवड्यांपूर्वी याच कंपनीच्या याच उत्पादनासह रेड हॅट लिनक्सच्या एका कर्नलवर यंत्रं कोसळली होती. ओपनबीएसडी ही युनिक्सच्या वंशातली सिस्टीम हे दुसरं उदाहरण. छोटा गट, हट्टी शिस्त, आणि बसवल्यावर जवळपास सगळ्या सेवा बंद. ज्याला जे हवं ते त्याने स्वतः उघडायचं. त्यामुळे त्यांच्या मूळ रचनेत दुरून शिरता येईल अशा फटी दशकानुदशकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. सर्वांत मोठा फरक तर भाषेचा आहे, आणि तो कोणत्याही भांडणात ऐकू येत नाही. विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींचा गाभा सी आणि तिच्या कुळातल्या भाषांत लिहिलेला आहे, ज्यांत स्मृतीचा हिशेब माणसाने सांभाळायचा असतो आणि माणूस चुकतो. आपल्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या एकाच जातीच्या असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. गूगलने अँड्रॉइडचा नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला घेतला आणि या जातीच्या त्रुटींचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. तुलना करायचीच तर ही करा. या गतीने कोण बदलतो आहे, हे विचारा.

फोनच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत जास्त लोकांना भिडतो. आयफोन सुरक्षित की अँड्रॉइड, यावर लोक तावातावाने बोलतात. शस्त्रासारख्या फटी विकत घेणाऱ्या झिरोडियमने सप्टेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइडमधल्या बोट न लावता चालणाऱ्या हल्ल्याला २५ लाख डॉलर देऊ केले, आयफोनच्या तशाच हल्ल्याला २० लाख. म्हणजे त्या वर्षी तरी त्या बाजाराला अँड्रॉइड फोडणं अवघड वाटत होतं. पण कोणतं अँड्रॉइड? सगळी अपडेट आलेलं. आमच्या गावात भाजी विकणाऱ्या मावशींच्या हातात जो सहा वर्षांपूर्वीचा फोन आहे, त्यावर यूपीआय चालतं, लाभाचे पैसे आल्याचे मेसेज येतात, आणि कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडून तीन वर्षं झाली आहेत. आता काही कंपन्या महागड्या फोनना सात वर्षं अपडेट देतात. स्वस्तातल्या फोनचं काय? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून निर्मात्याला किमान किती काळ अपडेट देणार हे जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून, एखादं मॉडेल विकणं थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देणं फोन कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपण बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापून घेतो. मग ज्यात माणसाची सगळी पुंजी आहे त्या खोक्यावर ‘अपडेट अमुक तारखेपर्यंत’ असं का छापून घेत नाही?

संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोज काढून उबुंटू या लिनक्सवर आधारलेली माया ही सिस्टीम आणायचं ठरवल्याची बातमी आली तेव्हा बऱ्याच लोकांना अभिमान वाटला. मलाही ती दिशा योग्य वाटते. परक्या देशातल्या कंपनीने आधार काढून घेतला तर आपण उघडे पडू नये, कोड आपल्याला वाचता यावा, ही कारणं खरी आहेत. पण सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणलं होतं, आणि आज किती सरकारी टेबलांवर ते दिसतं? नवी सिस्टीम जाहीर होते त्या दिवशी मला एकच आकडा हवा असतो: दहा वर्षं तिचे पॅच तपासून, बांधून, प्रत्येक यंत्रापर्यंत पोचवणाऱ्या माणसांची संख्या आणि त्यांच्या पगाराची तरतूद. उबुंटूमध्ये फट सापडली की ती मायामध्ये किती तासांत बुजणार? हे ठरलेलं असेल तर माझा पाठिंबा आहे. नसेल, तर आपण एका परक्या कंपनीवरचं अवलंबन काढून त्या जागी कोणालाच बसवलं नाही असं होईल.

शाळेच्या तिसऱ्या बैठकीत मी प्रस्ताव ठेवला. १८ संगणकांवर लिनक्स टाकावं, कारण मुलांना लागतं ते सगळं त्यावर होतं आणि जुनी यंत्रं फेकायची गरज नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून कार्यालयासाठी दोन नवे संगणक अधिकृत विंडोजसह घ्यावेत. उरलेले चार संगणक सुट्या भागांसाठी ठेवावेत. मुलांचं नेटवर्क आणि कार्यालयाचं नेटवर्क वेगळं करावं, राऊटरचा कारखान्यातला पासवर्ड बदलावा, आणि बॅकअपची एक डिस्क दर शनिवारी यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी. यावर कोणी फारसा वाद घातला नाही. विंडोज की लिनक्स म्हणून भांडलेले दोघेही राजी झाले. शेवटचं कलम होतं की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या यंत्रांचं अपडेट तपासण्यासाठी एका शिक्षकाला वेळापत्रकातले दोन तास मोकळे द्यावेत, आणि त्या शिक्षकाचं नाव ठरावात लिहावं. मुख्याध्यापक म्हणाले, दोन तास काढणं कठीण आहे, पाहू. ठराव मंजूर झाला. नावाची जागा अजून कोरी आहे.